नकळत खाणाऱ्यांना माफ

“अब्बा, या गोळ्यांतलं जिलेटिन कुठल्या जनावराचं? आपल्याला चालतं ना?”

कढईत पाक ढवळणाऱ्या उस्ताद कारागिराने मान वर केली. कारखान्याच्या दाराशी विचारणाऱ्या मुलीच्या तिघी मैत्रिणी एकमेकींना कोपरखळ्या मारत उभ्या होत्या. पैज त्यांचीच. कामगारांसमोर विचारायचं, घरी हळूच नाही. वक्तृत्वात पहिली आल्यापासून या पोरीच्या जिभेला हाड राहिलं नव्हतं. ती कसली मागे हटते? शिवाय उत्तराची तिला खात्री होती. तिचे अब्बा म्हणजे पाणीसुद्धा हलाल-हराम पाहून पिणारे, असं अख्खी गल्ली म्हणायची.

“जनावर पळून गेलं,” अब्बा म्हणाले, “नाहीतर त्यालाच विचारलं असतं.”

कामगार हसले. ती हसली नाही. “खरंच विचारतेय.”

“चालतं गं. शंभर टक्के. तुझे अब्बा कुणाला वावगं खायला घालतील?”

“झालं तर,” तिघींतली चष्मिस म्हणाली. तिच्या आईने तिला बजावलं होतं, गोळीवाल्याने स्वतः सांगितल्याशिवाय तोंडात घालायची नाही.

अब्बांनी पिठाच्या ट्रेमधून काढलेल्या ताज्या लाल गोळ्या तिघींच्या ओंजळीत ओतल्या. लेकीनेही एक उचलली. ओठांपर्यंत नेली, तोच अब्बांनी तिचं मनगट धरलं. गोळी काढून घेतली.

“दात,” ते म्हणाले.

“गोळीवाल्याच्या घरीच उपास,” चष्मिस तोंडातली गोळी चघळत म्हणाली. तिचे स्वतःचे दोन दात भरलेले होते. आणि हिच्या दाताला आजवर कधी कीड लागली नव्हती. अब्बांच्या गोळ्या गल्लीभर वाटल्या जायच्या, घरात मात्र एकही यायची नाही. इतकी वर्षं तिला तो लाड वाटायचा. आज मनगटावर बोटांचे वळ उठले होते. दातांसाठी कुणी इतकं घाबरत नाही.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर तिने विचारलं, “अम्मी, तू कधी खाल्लीस यांची गोळी?”

वाढता वाढता अम्मीने अब्बांकडे पाहिलं. तेवढं पुरे होतं.

अब्बांनी घास खाली ठेवला. “तू पाळण्यात होतीस तेव्हा व्यापारी बदलला. आधीचा सगळं सांगूनसवरून जिलेटिनची पूड द्यायचा, पण ती परवडेना. या नव्याला मी कधी विचारलंच नाही. विचारलं असतं तर कळलं असतं.”

“मग आपण का खात नाही?”

“मला शंका आहे. शंका असेल ते सोडावं.”

“आणि त्यांना का नाही सांगत?”

“सांगितलं की शंका त्यांनाही चिकटली. आज ती लेकरं निर्धास्त खातात. नकळत खाणाऱ्याला माफ असतं, बेटा. सगळं ओझं माझ्या एकट्याच्या डोक्यावर.”

आवाजात ओशाळलेपण कुठेच नव्हतं. जगावर उपकार केल्यासारखे ते शांतपणे बोलत होते. तिला तेच सहन होईना.

“चष्मिसने माझ्यादेखत खाल्ली. मीच विचारलं म्हणून खाल्ली.”

“बोललीस तर कारखान्याला कुलूप लागेल. उस्तादाचंही घर बसेल.”

“झाकली मूठ राहू दे गं,” अम्मी पुटपुटली. “तुला तर आम्ही जपलंय ना? एक कण पोटात जाऊ दिला नाही.”

तिने ताट सरकवलं. ती आरडाओरडा करेल असं दोघांना वाटलं. पण बोलली ती अगदी हळू.

“मी ठरवलंय. उद्या मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी या आणि माझ्या मैत्रिणींना खरं सांगा. नाही आलात, तर त्यांच्याबरोबर बसून मीपण गोळी खाणार. त्यांना माफ होईल, अब्बा. मला आता सगळं माहीत आहे.”