चवीपुरतं मीठ

तांदूळ निवडावेत तशी अनघा आपल्या पाककृतींच्या साइटवरून बाहेर जाणाऱ्या लिंका निवडत होती. नकोशा काढल्या की म्हणे गूगलवर वर जाता येतं. ‘चवीपुरतं मीठ’ या शब्दांवर माउसचा बाण गेला आणि त्याचा हात झाला. इथं तर तिनं लिंक दिलीच नव्हती! अक्षरांच्याच रंगात दडवलेली ती लिंक तिनं उघडली, तर समोर शलाकाची साइट. सख्खी बहीण, तीही पाककृतीच लिहिणारी, आणि दिवाळीपासून अबोला.

अनघानं बाकीची पानं भराभर तपासली. जिथं मीठ, तिथं शलाका. तरीच बाईसाहेब गूगलवर वर चढत होत्या!

साइटचं तांत्रिक काम नवरा बघायचा.

“मेहुणीला फितूर झालास ना, हेमंत?”

“मला मीठ किती घालायचं ते कळत नाही, लिंक कुठली घालतोय!” तो हसला. ते हसणंही तिला खोटं वाटलं.

पुरावा हवा म्हणून तिनं शलाकाची साइट उघडली. तिथल्या मिठावरही बाणाचा हात झाला. दाबलं, तर अनघाचीच अळूवडी!

दोघींच्या साइटवर शिरून शुद्धलेखन सुधारणारं माणूस एकच होतं. ते समोर बसून लसूण सोलत होतं.

“आई, असल्या चोरट्या लिंका गूगलला चालत नाहीत. दोन्हीकडच्या काढाव्या लागतील.”

“काढा की,” आई मान वर न करता म्हणाली. “पण शलाकाला मी नाही बाई सांगणार. फोन तूच कर.”