दार वरच राहिलं

दार वर गेलं आणि वरच राहिलं. बायडाबाईंनी नुसती दोन बोटं लावली होती. लाकडी चौकटीवर पत्रा ठोकलेलं ते अख्खं जड दार सुस्कारा सोडत उचललं गेलं आणि गाडीच्या अंगाला छपरासारखं आडवं थांबलं. गणपतराव खाली उभे राहून दोन्ही बाजूंच्या दांड्यांकडं कौतुकानं बघत होते. विलायती मोटारीच्या डिकीला असतात तसले, आत गॅस कोंडलेले दांडे. भंगारबाजारात हाताला लागले आणि आठवडाभर खपून त्यांनी ते दाराला बसवले. बायकोचं मनगट दुखतं म्हणून. किती दिवस सांगत होती बिचारी.

जन्म गेला होता ट्रकच्या आणि बसच्या बॉड्या बांधण्यात. शेवटची बॉडी त्यांनी स्वतःसाठी बांधली. जुन्या मेटाडोरमध्ये झोपायला फळी, स्टोव्ह, पाण्याची टाकी, देवांना कोनाडा. पावसात दारापुढं आडोसा व्हावा म्हणून दार वर उचलायचं केलं. लोक म्हणाले, म्हाताऱ्याला हौस भारी. हौस कसली. तीन वर्षांपूर्वी एकुलत्या एक लेकीनं, नंदिनीनं, जातीबाहेर लग्न केलं आणि बेळगावला संसार मांडला. त्या दिवसापासून गणपतरावांनी तिचं नाव तोंडावाटे काढलं नाही. पण कोल्हापुरात, पेठेत कुणी ना कुणी विचारायचंच, लेक काय म्हणते. कुणी खोचून विचारायचं, कुणी मायेनं. त्यांना दोन्ही सारखंच झोंबायचं.

म्हणून लग्नसराई आली की हे गाडी काढायचे. जिथं ओळखीचं कुत्रंसुद्धा भेटणार नाही तिथं थांबायचं. बाहेरून त्यांनी खांदा आणि आतून बायकोनं हात लावून दार उचलायचं, तिला उतरू द्यायचं, ती परत चढली की धाडकन बंद. दाराला टेकू द्यायला एक सळई केली होती, ती कधी पेटीबाहेर आली नाही. बायडाबाई खिडकीतून बाहेर बघत बसायच्या. या तीन वर्षांत त्या एकदाही भांडल्या नाहीत. मनगट दुखायला लागलं, तेवढंच.

दांडे बसवल्यावरचा हा पहिलाच मुक्काम. आजऱ्याच्या अलीकडं, हिरण्यकेशीच्या काठाला. बघून झालं, आता खाली ओढ, असं गणपतराव म्हणाले. बायडाबाईंनी हात वर नेला, तोंड कसनुसं केलं आणि हात खाली घेतला. वर जायला दार फुलासारखं होतं, पण खाली आणायचं तर दांड्यांचा जोर मोडावा लागत होता. मनगट, एवढंच म्हणून त्या चहाचं आधण ठेवायला आत वळल्या. गणपतराव स्वतः ओढायला उठले तोवर उशीर झाला होता. दाराच्या सावलीत शेरडं घेऊन एक म्हातारी येऊन टेकली होती.

आपलं नाव चिमणाबाई, हे तिनं न विचारता सांगितलं. मग वर बघून म्हणाली, एवढं थोरलं दार बिनटेकूचं कसं काय राहिलंय. आता हे विचारल्यावर गप्प बसेल असा बॉडीवाला कोल्हापुरात अजून जन्माला यायचा आहे. गणपतराव दांडा, नळी, गॅस सगळं समजावून सांगायला लागले. रस्त्यानं जाणारे दोघे सायकलवाले थांबले. एकानं ही सर्कशीची गाडी काय, अशी चौकशी केली. दुसऱ्यानं दार खाली-वर करून बघितलं, आणि वरच ठेवलं. आतून चहा येत राहिला. दोन माणसांच्या गाडीत एवढे कप कुठून निघाले, हे काही गणपतरावांच्या ध्यानात आलं नाही.

चिमणाबाईनं शेवटचा घोट घेतला, बशी खाली ठेवली.

"पोरंबाळं काय हाईत, पावणं?"

बायडाबाई आत पाठमोऱ्या थांबल्या. दार बंद असतं तर हा प्रश्न पत्र्यावर आपटून बाहेरच पडला असता. गणपतरावांनी वर बघितलं. दार काही खाली यायचं नाव घेत नव्हतं.

"एक लेक हाय," ते म्हणाले. "बेळगावात असती."

मग जवळच की, असं म्हणून म्हातारी शेरडांमागं निघून गेली. कुणाला दिली, कशी दिली, काही विचारलं नाही. गणपतराव पुढच्या प्रश्नाची वाट बघत बराच वेळ तसेच बसून राहिले.

उन्हं कलल्यावर बायडाबाई लुगडं धुवायला नदीवर गेल्या. बादली गाडीतच विसरली होती. ती द्यायला गणपतराव मागनं गेले, आणि करंजाच्या झाडाआड जागीच थबकले. खाली पाण्यात उभ्या राहून बायडाबाई नऊवारी लुगडं पिळत होत्या. दोन्ही मनगटांनी, दोरखंडाचा पीळ घालत, शेवटचा थेंब निघेपर्यंत. मग त्यांनी लुगड्याला असा झटका दिला की पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले.

गणपतराव बादली तशीच घेऊन परत आले. त्या रात्री दार त्यांनीच ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी परत निघाले. संकेश्वरला रस्ता फुटतो. डावीकडं कोल्हापूर, उजवीकडं बेळगाव. गणपतरावांनी गाडी उजवीकडं घातली. बायडाबाईंनी एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा रस्त्याकडं, आणि पदर नीट केला. बरंच अंतर गेल्यावर गणपतराव समोर बघतच म्हणाले,

"नंदिनीच्या दारात गाडी थांबली, की तू हात लावू नगंस. दार मी उघडतो. तुझं मनगट दुखतंय न्हवं."