तोंड गोड

"पाय धरा, मावशी," डॉक्टर म्हणाले.

मावशींनी कप खाली ठेवला. चाकोबाने व्हॅनिला आइस्क्रीम चाटूनपुसून संपवलं होतं आणि आता तो रिकामाच कप जिभेने ढकलत होता. मागचे दोन्ही पाय ट्रकखाली गेल्यापासून त्याच्या कमरेला दोन चाकांची गाडी बांधलेली असायची, म्हणून या कुत्र्याचं नाव चाकोबा. त्या गाडीच्या जोरावर या अपंग प्राण्यांच्या आसऱ्यात त्याने वर्षानुवर्षं उच्छाद मांडला होता. पाहुण्यांच्या पायांवरून चाकं नेली, आंधळ्या गाढवाशी उगाच भांडणं उकरून काढली. आता त्याची मूत्रपिंडं निकामी झाली होती. गाडी भिंतीला टेकून उभी होती आणि तो पोत्यावर आडवा पडला होता.

"भिऊ नकोस रे राजा," मावशी त्याचा पुढचा पाय धरून म्हणाल्या. "हलू नकोस. आत्ता होईल."

तो हलला नाही. आइस्क्रीम खाल्लेलं कुठलंच जनावर फारसं हलत नसे.

ही रीत काकांनी सुरू केलेली. काका म्हणजे मावशींचे यजमान, इथल्या गाडीचे ड्रायव्हर. रस्त्यावर चिरडलेलं, कुणी जाळलेलं, टाकून दिलेलं जनावर उचलून आणायचं हे त्यांचं काम. एकदा डॉक्टर एका जनावराला कायमचं झोपवायची सुई भरत असताना ते कोपऱ्यावरच्या दुकानातून आइस्क्रीमचा कप घेऊन आले. "जन्मभर लाथा खाल्ल्या बिचाऱ्याने. जाताना तोंड तरी गोड होऊ दे." तेव्हापासून ठरूनच गेलं. कप काका धरायचे आणि पाय मावशी. पुढे काकांनाच अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली, आणि कपही मावशींच्या हातात आला.

कामाचा प्रकार दोन्हीकडे एकच होता. इथे ज्यांना उठता येत नाही त्यांना कुशीवर वळवायचं, ज्यांना लघवी होत नाही त्यांचं पोट हलक्या हाताने दाबायचं, जखमा पुसायच्या. घरी जाऊन काकांना वळवायचं, पुसायचं, बसवायचं. फरक एवढाच की जनावरं रागावत नसत, आणि काका स्वतःवरच रागावत. मावशींच्या कमरेचा पार भुगा झाला होता. गेल्या महिन्यात न्हाणीघरात काकांना उचलताना दोघंही पडले आणि शेजारीण येईपर्यंत ओल्या फरशीवर तसेच पडून राहिले.

त्यानंतर मुलाच्या फोनचा सूरच बदलला. "आई, तुझंच काही बरंवाईट झालं तर बाबांकडे कोण बघणार?" त्याने लांबच्या गावात एक सेंटर शोधून काढलं होतं. सेंटर हा त्याचा शब्द. वृद्धाश्रम म्हणायला त्याची जीभ रेटत नव्हती. उद्या सकाळी तिथली गाडी यायची होती. "बाबांना तूच सांग. तुझं ऐकतात."

ऐकतात, हीच तर पंचाईत होती. झटक्यानंतर वाचा थोडी परत आली तेव्हा काका एकच वाक्य बोलले होते. "मला कुठे ठेवू नकोस." आणि मावशींनी हो म्हटलं होतं. आठवडाभर त्या मनात शब्द जुळवत होत्या. तिथे व्यायाम करून घेतात म्हणावं, की थोड्या दिवसांचाच प्रश्न आहे म्हणावं. रोज रात्री ते तसंच राहून जायचं आणि सकाळी त्यांना स्वतःची लाज वाटायची.

चाकोबाला बागेच्या कडेला पुरलं. त्याची गाडी मावशींनी साबण लावून धुतली, कारण त्याच मापाची एक कुत्री आतल्या खोलीत वाट बघत होती. संध्याकाळी घरी जाताना त्या दुकानाशी थांबल्या.

"एका दिवसात दोन?" दुकानदाराने विचारलं.

"हा घरी न्यायचाय."

"अरे वा. गोड बातमी आहे वाटतं."

मावशींनी सुट्टे पैसे काढून त्याच्या हातावर ठेवले. हातात काहीतरी गोड असलं की बोलायला सोपं जाईल, एवढंच त्यांच्या मनात होतं.

काका खिडकीपाशी उशांना टेकून बसले होते. मावशी खुर्ची ओढून समोर बसल्या. कपाचं झाकण काढलं, लाकडी चमचा घेतला. काकांना मधुमेह निघाल्यापासून या घरात गोडाचा कण येत नव्हता.

काकांनी कपाकडे पाहिलं. मग बराच वेळ मावशींकडे पाहिलं.

"चाकोबा गेला?" शब्द जड जिभेवरून एकेक करून बाहेर आले.

"सकाळीच."

"त्रास झाला?"

"नाही हो. अगदी शांत गेला."

काकांनी मान डोलावली आणि तोंड उघडलं. मावशी भरवत राहिल्या. प्रत्येक चमच्याला त्या ठरवत होत्या, आता सांगायचं. प्रत्येक वेळी पुढचा चमचा भरत होत्या. त्या नजर चुकवत होत्या, ओघळ पदराने टिपत होत्या. काका मात्र मुकाट्याने खात होते. नको म्हणाले नाहीत, आज हे कशाला, असंही विचारलं नाही.

कप रिकामा झाला. मावशींनी डोळे पुसले आणि धीर एकवटून सुरुवात केली. "अहो, मी काय म्हणते..."

काकांनी धडधाकट डावा हात उचलला. पाणी हवं असेल असं वाटून मावशी उठू लागल्या. पण काकांनी तो हात पुढे केला आणि अलगद त्यांच्या मांडीवर ठेवला.

"धर," ते म्हणाले. "मी हलणार नाही."