मध्ये बोलायचं नाही

“सांगून कोणी विश्वास ठेवणार नाही, डॉक्टर,” आजोबांनी खुर्ची पुढे ओढली, “पण आमच्या सरकारांच्या पायात इतकी ताकद आहे, की रात्री त्या बुटांनाच घाम फुटतो.”

शिकाऊ डॉक्टरने मान डोलावली. आणखी तिघं शिकाऊ भिंतीला टेकून उभे होते, त्यांनीही डोलावली. मान डोलावण्याचाच वर्ग होता तो. आजारी, अपंग मुलांच्या घरच्यांशी कसं वागावं हे नव्या डॉक्टरांना शिकवायला मोठ्या डॉक्टरबाई दर आठवड्याला एका कुटुंबाला बोलावत. गेल्या खेपेला एका शिकाऊने एका बापाचं वाक्य अर्ध्यात तोडलं, तेव्हापासून बाईंचा नियम कडक झाला होता : घरचं माणूस बोलत असताना मध्ये बोलायचं नाही. काही म्हणजे काही झालं तरी.

आजचं कुटुंब तीन माणसांचं. चाकाच्या खुर्चीतली दहा-अकरा वर्षांची मुलगी, जिला घरात सगळे सरकार म्हणत, तिची आई, आणि आईचे सासरे, म्हणजे हे आजोबा. प्रश्न सरकारच्या टाचांचा होता. पाय सरळ राहावेत म्हणून झोपताना घालायला प्लास्टिकचे टणक बूट दिले होते. तरी टाचा आखडतच चालल्या होत्या.

“मी स्वतः रोज रात्री घालते,” आईने मघाशीच सांगितलं होतं. “सकाळी बघावं तर पायातच असतात.”

“म्हणजे बुटांचा उपयोग नाही,” मोठ्या डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. “मग ऑपरेशनच करावं लागेल. तरी एकदा आजोबांचं ऐकून घेऊ.”

आजोबांची पंचाईत झाली होती. सूनबाईंचा डोळा लागला की ते बूट कोण काढतं आणि त्या उठायच्या आत कोण चढवतं, हे त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं. खरं बोलावं तर सूनबाई, गप्प बसावं तर ऑपरेशन. तेव्हा आजोबांनी मधला रस्ता धरला. भरपूर खोटं बोलायचं.

“घामाचं काहीच नाही हो,” ते पुढे म्हणाले. “परवा सरकारांनी झोपेत पाय झटकला. एकच. पलंग निघाला तो थेट स्वयंपाकघरात. भांड्यांचं कपाट आडवं! खालचे वकील उशी घेऊन रस्त्यावर, वरचे मास्तर टॉवेलवर. अख्खी इमारत बाहेर. भूकंप झाला म्हणून!”

शिकाऊ डॉक्टरने ओठ घट्ट मिटले. मग शिकवलेलं वाक्य आठवून म्हणाला, “तुमच्यासाठी हे फार अवघड गेलं असेल.”

आजोबांचे डोळे भरून आले. घरी त्यांना दुसऱ्या वाक्यापुढे कोणी जाऊ देत नसे.

“अवघड? अहो, आगीचा बंब आला!”

“बाबा,” आई म्हणाली, “कुठला बंब?”

“तू झोपली होतीस.”

भिंतीजवळच्या एका शिकाऊ मुलीला जोराचा खोकला लागला. मोठ्या डॉक्टरबाईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. खोकला थांबला.

“बंबवाल्यांचा साहेब आत आला. सरकारांचे पाय बघून त्याने टोपीच काढली. म्हणाला, ‘आजोबा, असे पाय जन्मात पाहिले नाहीत. आणि यांना ऑपरेशन? सुरी वाकडी होईल, सुरी!’”

“साहेबांचं म्हणणं आम्ही नक्की लक्षात घेऊ,” शिकाऊ डॉक्टर म्हणाला. त्याच्या कपाळावरची शीर उडत होती.

आता आजोबांना कोण आवरणार!

“एवढ्या गडबडीत सरकार जाग्या झाल्या. बुटांवरून मायेने नजर फिरवली आणि मला म्हणाल्या, ‘आजोबा, बूट कसे फुलासारखे आहेत हो! सकाळपर्यंत हात लावू नका त्यांना.’ मी म्हटलं, हात कशाला लावतोय? आजवर कधी लावला नाही, आणि—”

“खोटं.”

आवाज बातम्या सांगणाऱ्या बाईसारखा स्वच्छ होता, आणि सरकारच्या खुर्चीला लावलेल्या यंत्राच्या पडद्यातून आला होता. सरकारला तोंडाने बोलता येत नसे. एका बोटाने अक्षरं शोधून दाबली, की यंत्र तिच्या वतीने बोलायचं. भूकंपापासून ते बोट पडद्यावर फिरत होतं. कोणाचं लक्षच गेलं नव्हतं. सगळे मन लावून आजोबांचं ऐकत होते.

“अगं पण, मी काय म्हणतो—” आजोबा उठले.

“आजोबा,” मोठ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, “घरचं माणूस बोलतंय. मध्ये बोलायचं नाही.”

आजोबा बसले. बोट पुन्हा निघालं. एक अक्षर, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरं. चौघं शिकाऊ श्वास रोखून त्या बोटाकडे बघत राहिले.

“बूट आजोबा काढतात.”

आईने सासऱ्यांकडे वळून पाहिलं. आता मात्र बंब खरोखरच बोलवावा लागणार, असं पाहिलं. आजोबा स्वतःच्या चपलांचं निरीक्षण करू लागले.

बोट थांबलं नव्हतं.

“मी सांगते म्हणून. चावतात.”

शिकाऊ डॉक्टर शिकवलेली सगळी वाक्यं विसरला. खुर्चीतून उठला, फरशीवर मांडी घालून सरकारच्या पायांशी बसला आणि मान वर करून तिला म्हणाला, “कुठे गं?”