पंतांचा उजवा पंजा

प्रयोगशाळेतल्या त्या लठ्ठ उंदराला आम्ही पंत म्हणायचो. त्यांच्या मेंदूत हालचालीचा हुकूम सोडणाऱ्या पेशींचा एक पुंजका होता, त्याला मॅडमनी केसाएवढी बारीक तार जोडून तिचं दुसरं टोक स्पीकरला लावलं होतं. पेशी चाळवल्या की स्पीकर तडतडायचा आणि लगेच पंत उजवा पंजा उचलायचे. आधी आवाज, मग पंजा. हा क्रम कधी चुकला नाही.

त्या सकाळी स्पीकर तडतडला, पण पंत ढाराढूर झोपलेले. समोर मॅडमनी मात्र उजव्या हाताने चष्मा वर सरकवला.

"योगायोग!" मी म्हणालो.

पुन्हा तडतड झाली. मॅडमनी कप उचलला. आमची हसून हसून पुरेवाट झाली.

"आता बघच," त्या म्हणाल्या, "मी हाताची घडी घालून बसते. हलले, तर आठवडाभर चहा माझ्याकडून."

मिनिट गेलं, दोन गेली. स्पीकर गप्प.

"जिंकले की नाही? चहा तुझ्याकडे लागला!"

मी हसत हसत पंतांची तार सोडवली आणि टेबलावर ठेवली.

स्पीकर तडतडला.

मॅडमची घडी तशीच होती. पंत घोरत होते.

"आता कोण रे हललं?" मॅडमनी विचारलं.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. उत्तर येणाऱ्या मुलासारखा माझा उजवा हात ताठ वर गेला होता.

"कळलं, कळलं! घे की आता खाली," त्या खिदळत म्हणाल्या.

"घेतो ना," मी म्हणालो, आणि स्पीकर तडतडायची वाट बघत राहिलो.