निळ्या पेन्सिलीचे सात गोल

“खरं काय आणि खोटं काय, हे या जगात दोघांनाच कळतं. एक परमेश्वराला आणि दुसरं मला,” पुंजाराम म्हणाले. “त्यातही परमेश्वराला नाशिकरोडचा अनुभव नाही.”

तिथल्या नोटांच्या छापखान्यात तीस वर्षं नोटा तपासून ते निवृत्त झाले होते. त्याच सकाळी द्वारका चौकात भाजीवाल्या मैनाने त्यांच्या गळ्यात खोटा रुपया मारला होता. पण ते नाणं. नाणी त्यांच्या खात्यात येत नसत.

लंकाबाईंच्या खानावळीत टेबलावर चित्र ठेवलं होतं. वीसेक वर्षांपूर्वी भाकरीची वाट बघत बसलेल्या एका गिऱ्हाइकाने काळ्या शाईने लंकाबाईंचा चेहरा काढला होता. पुढे तो मोठा चित्रकार मालुंजकर झाला आणि वारलाही. चित्रावर सही करायची तेवढी राहिली. तेवढ्यात भाकरी आली असावी.

मुंबईचे संझगिरी ते चित्र विकत घ्यायला आज येणार होते. चित्र गेलं की खानावळीचा गळका पत्रा जाऊन स्लॅब पडणार होता.

“भावजी, ते सहीचं इचारतील,” लंकाबाई म्हणाल्या. “तुम्ही शिकलेले. अस्सल हाय म्हणून सांगा तेवढं.” आणि त्या आत पिठलं ढवळायला गेल्या.

तपासल्याशिवाय सांगणं पुंजारामांच्या रक्तात नव्हतं. चूक दिसली की निळ्या पेन्सिलीने गोल करायचा, ही तीस वर्षांची शिस्त. डावा डोळा उजव्यापेक्षा मोठा. गोल. कान एकच. गोल. मान खांद्यापर्यंत पोचतच नाही. गोल. असे सात गोल झाल्यावर त्यांनी खाली सही ठोकली आणि तारीख घातली.

संझगिरी आले, चित्र पाहिलं आणि बाकावर बसले. लंकाबाई बाहेर आल्या. त्यांनी साहेबांचा चेहरा पाहिला, मग वर पत्र्याकडे पाहिलं.

“हे गोल कोणी काढले?”

“मी,” बढती मिळाल्यासारखे पुंजाराम म्हणाले.

“चित्रकाराची सही नाही आणि तुमची आहे?”

“त्यांनी तपासलं कुठे होतं?”

संझगिरी उठू लागले. “म्हणजे तुमच्या मते हे खोटं.”

“खोटं कोण म्हणतं? चुका सात आहेत, पण रेघ एकदाही थांबलेली नाही. नक्कल करणारा बिचकतो, साहेब. दर वळणावर मूळ चित्राकडे बघायला थांबतो आणि तिथे शाई साचते. असा एक ठिपका दाखवा, मी पेन्शन सोडतो.”

संझगिरींनी भिंग काढलं. आतलं पिठलं करपल्याचा वास आला तरी कोणी हललं नाही. कपाळापासून हनुवटीपर्यंत एकही ठिपका सापडला नाही. शेवटी त्यांनी भिंग खिशात टाकलं.

“पेन्सिल खोडरबराने जाईल. घेतलं मी चित्र.” मग त्यांचा आवाज हळू झाला. “आणि हे बघा, केस काढलेलेच नाहीत. नुसता कोरा कागद सोडलाय, तरी अंबाडा दिसतो. हे लाखात एखाद्याला जमतं. मुंबईत मोठ्या हॉलमध्ये लावणार मी, लोक लांबून बघायला येतील.”

लंकाबाईंनी पदराला हात पुसले, पदर डोक्यावर नीट ओढला आणि वाकून चित्राकडे पाहिलं.

“साहेब, लावायच्या आधी केस तेवढे काळे करून घ्या. तवा मी तिशीची बी नव्हते.”