डोंगीला लागलेले हात

"टॉवेल घे वं अंगावर," मंगलाबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "सारा घाट पाहून राहिला."

प्रतिक्षाने टॉवेल खांद्यावर ओढला. पिवळी रबरी टोपी कानांवर खेचली, सात महिन्यांच्या अंकुशच्या पोटाचा मुका घेतला आणि त्याला सासूच्या हातात दिलं.

"आत्ताच पाजलं जी, आई. झोपेल."

"त्याचं मी पाहीन. बोलणं ध्यानात आहे नं?"

"आहे जी."

बोलणं सरळ होतं. आजच्या नदीतल्या स्पर्धेत पहिल्या तिघींत आली तर पोहत राहायचं, नाही आली तर हा नाद कायमचा बंद. आसगावच्या विहारात कुणीतरी कानाशी लागून म्हणालं होतं, "तुमची सून चड्डीवर पोहते म्हणे." तेव्हापासून मंगलाबाई वंदनेला मागच्या रांगेत बसत. मुलगा संघपाल बायकोच्याच बाजूचा. आज त्याला नागपुरात ड्युटी होती, म्हणून तिच्यासोबतच्या डोंगीत, त्या छोट्या लाकडी नावेत, बसायची पाळी त्यांच्यावर आली. कमिटीने दिलेलं नारिंगी जॅकेट नऊवारीवर चढवताना घाटावरच्या बाया हसल्या, तेही त्यांनी ऐकलं.

प्रत्येक पोहणारीसोबत एक डोंगी आणि घरचं एक माणूस, असा नियम होता. दुसरा नियम असा, की डोंगीला हात लागला की बाद.

त्यांच्या वाट्याला आलेली नावाडी मंगरूची डोंगी पावसाळ्यापासून काठावर पालथी पडली होती. स्पर्धेसाठी त्याने फटींत चिंध्या कोंबून वरून डांबर फासलं होतं. निघतानाच तळाशी थोडं पाणी आलं, ते तो डब्याने उपसू लागला. मंगलाबाई घाबरून उठल्या तशी डोंगी कलंडता कलंडता राहिली.

"बसा न, बाई!" मंगरू ओरडला. "वाळलं लाकूड हाय, सुरुवातीले थोडं पेतेच."

प्रतिक्षा पाण्यातून म्हणाली, "आई, काही झालं तरी उठू नका. तुम्हाला पोहता येत नाही."

"मले तर लाज येते, बाई. पोहणं तुलेच लखलाभ."

शिटी वाजली.

वैनगंगेचं पाणी थंडीने काळंभोर दिसत होतं. पिवळी टोपी एकेकीला मागे टाकत निघाली. मंगलाबाई आधी दुसरीकडे पाहत होत्या. मग हळूहळू त्यांची नजर टोपीवर खिळली. पुढे फक्त एक लाल टोपी उरली, तेव्हा त्या मांडीवरच्या अंकुशला पुटपुटल्या, "पाहाय, तुही माय कशी जाऊन राहिली."

अंकुश झोपला होता. पाय अवघडले म्हणून त्यांनी त्याला समोर तळाशी गोधडीवर निजवलं. थोड्या वेळाने हात लावून पाहिला तर गोधडी ओली. त्यांनी घडी बदलली. ती पण ओली झाली. मंगरू मागे डबा आपटत होता, वल्ही मारत होता, त्याला कशाचंच ध्यान नव्हतं.

"अवं, तुह्या पोरानं दोनदा भिजवलं!" मंगलाबाईंनी पाण्यावर हाक दिली. "किती पाजलंस?"

पिवळी टोपी थांबली. प्रतिक्षाने डोंगीकडे पाहिलं, मग गर्रकन वळून ती जवळ आली. पाण्यात गेली, वर आली आणि डोंगीची कड दोन्ही हातांनी धरली.

मंगलाबाई कडेकडे वाकल्या. "सोड! सोड वं! लोक पाहतीन!"

तिने खोल श्वास घेतला. पुन्हा खाली गेली, पुन्हा वर आली, एका हाताने कडेला लोंबकळत धापा टाकत राहिली. ओल्या कपड्यातल्या परक्या बाईकडे पाहू नये म्हणून मंगरूने तोंड फिरवलं होतं. कमिटीची बोट मागे दूर होती. कुणीच पाहिलं नाही. मंगलाबाईंनी मात्र सगळं पाहिलं.

"थकली का?" त्यांनी विचारलं.

"हो जी," ती म्हणाली आणि निघून गेली. डोक्यावर टोपी नव्हती, मोकळे केस पाण्यावर पसरले होते. मंगलाबाईंनी पदर तोंडावर घेतला. मागे मंगरूचा डबा आता नुसताच त्याच्या पायाशी पडून होता.

पवनीच्या घाटावर प्रतिक्षा दुसरी आली. ताशे वाजले. जॅकेटला हसलेल्यांतली एक बाई गाडीने पुढे येऊन उभी होती, ती म्हणाली, "मंगलाबाई, नशीब काढलं तुम्ही!" मंगलाबाईंना मान वर करवेना. गप्प राहावं तर चोरी, बोलावं तर सून बाद होते.

प्रतिक्षा मात्र कुणाला हार घालू न देता सरळ कमिटीच्या मांडवात गेली. थोड्या वेळाने लाउडस्पीकर खरखरला. प्रतिक्षा संघपाल मेश्राम यांनी डोंगीला हात लावल्याचं स्वतः सांगितलं आहे, त्या बाद.

बाया खुदखुदल्या. "डोंगी धरूनच यायचं होतं तर बसूनच यायचं होतं नं!"

प्रतिक्षा सासूजवळ आली. आधी तिने अंकुशच्या पाठीखाली हात घातला.

"कोरडा आहे नं जी, आई?"

"आता लेकराची आठवण आली?" मंगलाबाई दातओठ खाऊन म्हणाल्या. "दम नव्हता तर पाण्यात उतरलीस कायले? माहं तोंड काळं केलंस. उद्यापासून हे बंद."

"हो जी."

एवढंच म्हणून ती पोराला पाजायला पाठमोरी बसली. तिच्या बोटांची नखं तुटली होती, टोकांना डांबर लागलं होतं.

गोधडी डोंगीतच राहिली म्हणून मंगलाबाई ती आणायला वाळूवर उतरल्या. मंगरूने तोवर डोंगी पालथी घातली होती आणि तो तिच्याकडे बघत खिळल्यासारखा उभा होता.

बरोबर जिथे अंकुश निजला होता, तिथे चिंधी निघून गेलेल्या वीतभर फटीत पिवळी टोपी बाहेरून ठासून बसवलेली होती.